पीठ संपले, काम संपले

घरी बसून ऑफिसचे काम करणाऱ्या बाईचा दिवस संपतच नाही. तो संपवायचा कसा?

चेंबूरहून नोकरीला जाणाऱ्या बाईच्या दिवसाला पूर्वी एक उंबरठा होता. तो म्हणजे चेंबूर स्टेशन. हार्बरच्या गाडीत पाऊल टाकले की घर मागे राहायचे. डब्यात कुणी पालेभाजी निवडायचे, कुणी पुटपुटत स्तोत्र म्हणायचे, कुणी उभ्याउभ्या डुलकी काढायचे. तो पाऊणएक तास घरचाही नसायचा आणि ऑफिसचाही नसायचा. त्या गर्दीला आपण काय कमी नावे ठेवली? पण ती गर्दी कुणाच्या लक्षात न येता एक काम करत होती. घर आणि ऑफिस यांच्या मध्ये ती भिंतीसारखी उभी होती.

२०२० च्या मार्चमध्ये ही भिंत एका रात्रीत पडली. लोकल गाड्या थांबल्या. १५ जूनला त्या सुरू झाल्या, पण फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. सर्व स्त्रियांना गाडीत बसायची परवानगी मिळाली ती २१ ऑक्टोबरपासून, आणि तीसुद्धा सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. दहाच्या ऑफिसला जाणारीला तिचा काय उपयोग? तोवर ऑफिसच घरात येऊन बसले होते. पुढे साथ ओसरली, गाड्या पुन्हा तुडुंब भरल्या, पण घरात आलेला हा पाहुणा काही पुरता गेला नाही. संगणकाच्या कंपन्या, विमा, हिशेबतपासणी, जाहिराती, भाषांतरे अशा कितीतरी कामांत आज आठवड्याचे दोन-तीन दिवस, तर कुठे सगळेच दिवस घरून काम चालते.

यात सोय आहे, हे कुणी नाकारणार नाही. धक्काबुक्की वाचते, मूल शाळेतून आले की दार उघडायला आई असते, आजारी सासऱ्यांना दुपारचे औषध वेळेवर मिळते. कित्येकींच्या नोकऱ्या या सोयीमुळेच टिकल्या. पण सोयीची किंमत किती आणि ती कोण मोजते, हे एकदा पाहायला हवे.

“घरीच तर असतेस!”

टिळकनगर, सहकारनगर या बाजूच्या जुन्या इमारतींत एक खोली आणि स्वयंपाकघर एवढ्यात चार-पाच माणसांचे संसार झाले. आता जुन्या इमारती पाडून टॉवर उठताहेत, एखादी खोली वाढते आहे. पण ऑफिससाठी वेगळी खोली कुणाच्या नकाशात होती? तेव्हा जेवणाचे टेबल हेच ऑफिस. सकाळी त्याच्यावर डबे भरायचे, दहाला फडके मारून लॅपटॉप उघडायचा, दुपारी तो सरकवून ताटे मांडायची.

पेस्तमसागरला राहणारी एक मैत्रीण विमा कंपनीत हिशेब तपासते. आठवड्यातले तीन दिवस घरून काम. गॅस सिलिंडरवाला, कुरिअरवाला, इस्त्रीवाला, गळका नळ बघायला आलेला माणूस, वरच्या मजल्यावरच्या वहिनींचे पार्सल, सगळ्यांना ठाऊक की ही घरी असते. वॉचमन इंटरकॉमवर आधी हिचाच नंबर फिरवतो. सासूबाई मायाळू आहेत. पण ऐन मीटिंगमध्ये हळूच मेथीची जुडी पुढ्यात ठेवतात. “तुझं बोलणं चालू दे हो, हात तर रिकामेच आहेत ना?” आणि रात्री साडेदहाला, मागचे आवरून जरा पाठ टेकावी तर साहेबांचा फोन. “मॅडम, घरीच आहात ना? पाच मिनिटांचं काम होतं.”

ती म्हणाली, “दोघांनाही माझं उत्तर एकच, हो, घरीच आहे. आणि दोघंही त्याचा अर्थ एकच घेतात, म्हणजे मी रिकामी आहे!”

हे गाऱ्हाणे एकटीचे नाही. सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली लोकांचा वेळ कशात जातो याची देशभर पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, आणि असे काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. म्हणजे बाईचे पावणेपाच तासांहून जास्त आणि पुरुषाचे दीड तासाला दोन मिनिटे कमी. नोकरीला बाहेर जाणारी बाई हे तास ऑफिसच्या आधी आणि नंतर बसवायची. घरून काम करणारीच्या बाबतीत ते ऑफिसच्या मधेमधे घुसतात. मग दिवसा मागे पडलेले ऑफिसचे काम रात्री पुरे होते. भाजी करपते ती करपतेच, हिशेबातही चूक राहते. “घरून काम करणाऱ्या बायकांचं लक्ष नसतं” असा शेरा एकदा पडला की बढतीची वेळ आली तरी तो पुसला जात नाही. आणि शेवटी एक दिवस घरातच कुणीतरी म्हणते, “एवढी ओढाताण होते, तर सोड ना ती नोकरी!” दुखणे वेळेच्या वाटणीचे आणि औषध नोकरी सोडण्याचे, असा हा प्रकार.

पापड लाटणाऱ्या बायकांचा हिशेब

घरी बसून पैसे मिळवणे ही काही मुंबईच्या बाईला २०२० साली कळलेली गोष्ट नाही. शिवणकाम, गजरे, शिकवण्या, डबे, मसाले ही तर घरोघरची ओळखीची कामे. यातले सर्वांत मोठे नाव लिज्जत पापडाचे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आज श्री महिला गृह उद्योगाच्या हजारो सभासद बायका आपापल्या घरी पापड लाटतात.

त्यांच्या कामाची रीत पाहण्यासारखी आहे. पीठ शाखेत मळले जाते. सकाळी बायका आदल्या दिवशी लाटून वाळवलेले पापड घेऊन शाखेत येतात. पापड तपासून, वजन करून घेतले जातात, लाटण्याचे पैसे मिळतात आणि त्या दिवसाचे नवे पीठ घेऊन बाई घरी जाते. तिच्या घरी लाटायला आणि वाळवायला स्वच्छ, कोरडी जागा आहे की नाही, हे पाहिले जाते. नसेल तर ती शाखेतच पीठ मळण्याचे किंवा पाकिटे भरण्याचे काम करू शकते.

काम कष्टाचेच आहे. लाटून लाटून खांदे भरून येतात. पण या रीतीत तीन शहाणपणाच्या गोष्टी आहेत. कामाला घरात नेमलेली जागा आहे. झालेले काम घरात साठून राहत नाही, सकाळी घराबाहेर जाते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कामाला वजन आहे. डब्यातली शेवटची लाटी लाटली की काम संपले. नसलेल्या पिठाचे पापड कुणी मागू शकत नाही.

लॅपटॉपच्या पिठाचा गोळा मात्र संपत नाही. एक लाटी लाटावी तर दोन नव्या येऊन पडतात. त्याला वजन नसते, म्हणून ते आपल्याला घालावे लागते.

रात्रपाळीची झोप

दुसरा धडा चेंबूरच्या घरांना आधीपासून येतो. ट्रॉम्बे-माहुलच्या बाजूला १९५४-५५ च्या सुमारास तेलशुद्धीकरणाचे कारखाने उभे राहिले, पुढे खत कारखाना आला. असे कारखाने रात्रंदिवस चालतात. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. घरातला माणूस रात्रपाळी करून सकाळी येऊन झोपला की सगळ्या घराची चाल बदलायची. “बाबा रात्रपाळी करून आलेत” एवढे म्हटले की मुले खाली खेळायला जायची, रेडिओचा आवाज कमी व्हायचा, दार हळू लोटले जायचे. “तुम्ही घरीच आहात, तर जरा दळण घेऊन या” असे त्या झोपलेल्या माणसाला कोण म्हणत असे?

तेव्हाही खोली एकच होती. मध्ये भिंत नव्हती, होता तो नुसता पडदा. पण सगळ्यांनी मनात धरलेली एक भिंत होती, कारण त्या माणसाच्या झोपेवर त्याची नोकरी आणि नोकरीवर घर चालते, हे लहान पोरालाही कळत होते. म्हणजे अडचण जागेची कमी आणि मान्यतेची जास्त आहे. जो मान बाबांच्या झोपेला मिळाला, तोच सुनेच्या जागेपणीच्या कामाला मिळायला हवा. एवढीच मागणी आहे, आणि ती काही जगावेगळी नाही.

जागा, जाणे आणि येणे

आता प्रत्यक्ष काय करायचे ते पाहू.

जागा लहान चालेल, पण एकच हवी. आज पलंगावर, उद्या ओट्यापाशी असे नको. पलंगावर बसून काम केले की पाठ जाते आणि रात्री त्याच पलंगावर झोपही येत नाही. शक्यतो तोंड भिंतीकडे करून बसावे, म्हणजे सिंकमधली भांडी समोर दिसत नाहीत. लॅपटॉप डोळ्यांच्या उंचीला यावा म्हणून खाली पाट किंवा दोन जाड पुस्तके ठेवावीत आणि टाइप करायला वेगळा कीबोर्ड घ्यावा. पाय लोंबकळत असतील तर त्यांच्याखालीही पाट सरकवावा. हेडफोन मात्र चांगला घ्या. शेजारच्या मिक्सरवर तोच उपाय आहे.

संध्याकाळी काम झाले की सगळा पसारा, लॅपटॉप, वायर, वही, पेन, एका पिशवीत भरून पिशवी कपाटात ठेवावी. शिवणयंत्रावर आपण झाकण घालतो ना, तसेच. समोर उघडा पडलेला लॅपटॉप जाता-येता खुणावत राहतो.

गाडी नाही म्हणून “जाणे” आणि “येणे” सोडू नका. नऊला गाऊन बदलून नीट कपडे करा. खाली उतरून एक फेरी मारा. डायमंड गार्डन जवळ असेल तर तिथे, नाहीतर इमारतीभोवती. पंधरा मिनिटे पुरतात. परत येऊन बसाल तेव्हा तुम्ही ऑफिसात आलेल्या असता. संध्याकाळीही तसेच. भाजी आणायचीच असते, ती काम मिटल्यावर आणा. दोन्ही फेऱ्या मिळून अर्धा तास होतो, आणि पूर्वी गाडीने जी भिंत उभी केली होती तिचे काम भागते.

दिवसाचे पीठ

सकाळी कामाला बसताना कागदावर त्या दिवसाची तीन मुख्य कामे लिहा. तीनच. हे आजचे पीठ. मधे नवे काम आले आणि ते खरोखर आजचेच असेल तर तिघांतले एक उद्यावर ढकला आणि तसे साहेबांना कळवा. नसेल तर ते उद्याच्या कागदावर. संध्याकाळी झालेल्या कामांवर काट मारा, उद्याची तीन लिहा आणि वही मिटा. लिहून ठेवलेले काम रात्री अंथरुणात आठवत नाही, हा याचा आणखी एक फायदा.

घरकामासाठी एक साधी परीक्षा आहे. समोर काम आले की स्वतःला विचारा: आज मी ऑफिसात असते, तर हे केले असते का? कडधान्य निवडणे, कपाट लावणे, पाहुण्यांना चहा करणे, उत्तर “नाही” आले तर ते आत्ता करायचे नाही. सकाळी बाहेर जायच्या दिवशी जेवढा स्वयंपाक उरकून जाता तेवढाच घरी असतानाही उरकून बसा. दुपारी गरम पोळ्यांचा बेत म्हणजे स्वतःहून पायावर धोंडा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. तीन वर्षांचे मूल सांभाळत सांभाळत ऑफिसचे आठ तास काम करता येते, हा भ्रम आहे. मोठ्या मुलांना खूण कळते. खुर्चीच्या पाठीवर लाल ओढणी असली की आई फोनवर आहे, एवढे सातवीतल्या मुलाला पुरते. तान्ह्याला नाही पुरत. तिथे पाळणाघर, आजी, किंवा सांभाळायला बाई, काहीतरी व्यवस्था लागतेच. “घरी आहे म्हणून पाळणाघराचे पैसे वाचले” असा हिशेब करणाऱ्या घरात ते पैसे आईच्या झोपेतून वळते होत असतात.

घरच्यांशी बोलणी

हे सारे एकटीने मनात ठरवून चालत नाही. एखाद्या रविवारी चहाच्या वेळी सगळ्यांना बसवा आणि वाटणी कागदावर करा. दाराची बेल कोण घेणार? सिलिंडरचा फोन कुणाच्या नंबरवर येणार? वॉचमनकडे कुणाचा नंबर द्यायचा? यजमानही घरून काम करत असतील तर एक दिवस त्यांनी दार सांभाळावे, एक दिवस तुम्ही. दोघांचेही ऑफिस असताना आतली खोली कायम त्यांनाच आणि जेवणाचे टेबल कायम तुम्हाला, हा नियम कुठल्या ग्रंथात लिहिलेला नाही.

सासूबाईंशी बोलताना थोडे समजून घ्यावे लागते. त्यांच्या आयुष्यात घरी असणे म्हणजे कामाला उपलब्ध असणेच होते. त्यांचा दिवस कुणी कधी “संपला” म्हटलाच नाही. त्यांना नुसते “आता नको” म्हणू नका, वेळ द्या. “आई, दीड वाजता आपण दोघी मिळून जेवू, तेव्हा सगळं सांगा. तोवर मी ऑफिसात गेले आहे असंच समजा.” आणि दीडला खरोखर उठा. तुम्ही वेळ पाळलीत तर चार दिवसांत त्याच इतरांना दटावतात, “थांबा रे, तिचं ऑफिस चालू आहे.”

साहेबांशी बोलणी

दुसरी बाजू ऑफिसची. इथे रुसून उपयोग नाही, लेखी आणि गोड बोलावे. “मी सकाळी १० ते संध्याकाळी ७ उपलब्ध आहे. त्यानंतर आलेलं काम सकाळी दहाला हाती घेईन. फारच तातडीचं असेल तर फोन करावा.” एवढी तीन वाक्ये एकदा पाठवून ठेवा. बहुतेक “तातडीची” कामे सकाळपर्यंत थांबतात, असा अनुभव येईल. सातनंतर ऑफिसच्या ग्रुपचा आवाज बंद करा. जमल्यास ऑफिससाठी वेगळा नंबर ठेवा.

हा प्रश्न कायद्यापर्यंतही पोचला आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना, कामाच्या वेळेबाहेर फोन-संदेशांना उत्तर न देण्याच्या हक्काबद्दल कामगारांशी बोलणी करावी लागतात. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून असा हक्क आला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये याच विषयावरचे खाजगी विधेयक लोकसभेत मांडले आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडले. २०१८ च्या विधेयकाचा कायदा झाला नाही, पण विषय संसदेत गेला हे काय थोडे झाले? बाळंतपणाच्या बाबतीत मात्र २०१७ च्या दुरुस्तीने कायद्यातच तरतूद आली. २६ आठवड्यांच्या रजेनंतर, काम तसे असेल तर, मालक आणि कर्मचारी यांच्या संमतीने घरून काम करता येते. अशी संमती ठरवताना वेळाही तेव्हाच ठरवून लिहून घ्याव्यात.

अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी रात्री काम करणाऱ्यांनी तर स्वच्छच सांगावे की ही रात्रपाळी आहे. मग दिवसाची झोप ही रात्रपाळीची झोप. दहा वाजता झोपलेल्या सुनेला दूध तापवायला उठवायचे नाही.

नियमाला अपवाद असणारच. महिनाअखेरीचे हिशेब, मुलाचा ताप, घरचे कार्य. अशा वेळी घराने ऑफिसला आणि ऑफिसने घराला वाट द्यावी. फक्त अपवादाला अपवाद म्हणा. “आजचा दिवस वेगळा आहे” असे तोंडाने म्हटले की तो उद्या नियम होत नाही.

शेवटी एक हिशेब आपला आपल्याशी. जाण्यायेण्याचे जे दीड-दोन तास वाचले, ते गेले कुठे? थोडे ऑफिसने खाल्ले, बरेचसे स्वयंपाकघराने. त्यातला अर्धा तास तरी आपल्या नावावर पडू द्या. वाचा, गा, मैत्रिणीशी बोला, नाहीतर नुसत्या गॅलरीत बसा. मेथीची जुडी कुणी पुढ्यात ठेवली नाही तर आपण होऊन ती ओढून घेऊ नका.

आणि आज संध्याकाळी एवढे करून पाहा. लॅपटॉप मिटा, पिशवी कपाटात ठेवा, खाली एक फेरी मारून या, आणि दारातून आत येताना घरात सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणा, “मी आले गं!”